पित्ताचे दिवस

चार बहिणींतली ती शेवटची, म्हणून घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. थोरल्या तिघींची मुलं दाराच्या चौकटीला टेकतील इतकी उंच झाली, तरी धाकटीची कूस काही उजवली नव्हती.

लाँड्रीत ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी असे. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. हात तिचे ऐकत, शरीर ऐकत नसे. पीसीओएस होतं, पाळी महिनेच्या महिने गायब. त्यात थायरॉईड, त्यात साखर. "माझ्या पोटात पोराला जागाच कुठाय? सगळी गोळ्यांनी अडवलीय," असं तीच हसत म्हणे, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

पाळी आणायच्या गोळ्या देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आधी पट्टीवर तपासायचं, दिवस गेलेत का ते. काही नसेल तरच गोळी." सुरुवातीची वर्षं तिनं इमानेइतबारे तपासलं. न्हाणीघरातल्या बल्बखाली पट्टी धरायची आणि डोळे ताणून दुसरी रेघ शोधायची. बाहेर आली की नवरा काही विचारत नसे, गुपचूप चहा टाके. ते तिला जास्त लागे.

त्या खेपेला पाळी लांबली तेव्हा तिला नवल वाटलं नाही. मग मळमळ सुरू झाली. खळीचा वास आला की ती तोंड दाबून मोरीकडे धावे.

शेजारच्या टेबलावरची मावशी पाच लेकरांची आई. इस्त्री उभी करून म्हणाली, "काय गं, गोड बातमी का?"

"कसली गोड. साखरेची नवी गोळी आहे, पित्त खवळतं तिनं."

"आणि ही पेंग?"

"थायरॉईड."

"बाई बाई, हिचं उत्तर तयारच. पट्टी तरी बघ एकदा."

"नाही बघायची, मावशी. त्या पट्ट्यांनी मला सोलून काढलंय."

पुन्हा उमासा आला. मोरीवर वाकून ती पुटपुटली, "जा ना मेल्या एकदाचं. किती छळशील?"

मग न तपासताच तिनं पाळीच्या गोळ्या घेतल्या. रक्त आलं. तिला वाटलं, लागू पडल्या. पण ते थांबेचना. घड्या बदलून बदलून ती कामावर उभी राहिली, आणि एके दुपारी अर्ध्या शर्टावरच कोसळली.

दवाखान्यात पिशवी साफ केली. तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "दिवस गेले होते तुम्हाला. टिकलं नाही. गोळ्यांनी नाही हो पडलं. तब्येत अशी असली की होतं असं. पट्टी बघितली होती ना?"

"दर वेळी बघते ती," नवराच म्हणाला.

धाकटीनं चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"राहू शकतं, हे तरी कळलं," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या खाटेकडे वळल्या.

नवऱ्यानं स्टूल जवळ ओढलं. बराच वेळ तो चादरीची चुणी सारखी करत बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपल्याला होतं. तुला काहीच कसं जाणवलं नाही गं?"

जाणवलं होतं. रोज जाणवलं होतं. जितके दिवस ते तिच्यापाशी होतं, तितके दिवस ती त्याला शिव्या घालत होती, जा म्हणत होती.

"नाही," ती म्हणाली. "पित्त वाटलं."