बाविसावा प्रश्न

“साडेचार तास सलग चालवलं. पुढे?” आपेत्रेई सरांनी खडू रोदिकाच्या दिशेनं रोखला.

रोदिकाचे ओठ हलले. आधी नुसता सूर आला, बारीक, नाकातून ओघळल्यासारखा. शब्द त्याच्या मागून आले.

“पाऊण तास थांबायचं. एकदम जमत नसेल तर आधी पंधरा मिनिटं, नंतर तीस. आधी तीस आणि मग पंधरा, असं चालत नाही.”

“बरोबर. पण बाई, उत्तराच्या आधी ते गुणगुणता काय?”

“मावशी नियमांना चाल लावतात, सर,” मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला. “परवा टायरवर गायल्या. मला रडूच फुटलं.”

वर्ग हसला. रोदिकाही हसली. पोरगा थट्टेनं बोलला होता, पण खोटं बोलला नव्हता. ती चाल रडवण्यासाठीच जन्माला आली होती.

दोरोहोई गावच्या बाजारात, खिळे-कुलपांच्या दुकानावरच्या एका खोलीत ट्रकचालकांचा हा वर्ग भरायचा. शिकणारे अकरा जण. त्यांतले दहा पोरसवदा, लग्नासाठी किंवा घराच्या छपरासाठी इटली-स्पेनच्या फेऱ्या करू पाहणारे. अकरावी रोदिका. वय अठ्ठेचाळीस. आठवीनंतर शाळा सुटली, शिवणाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कॉलर शिवल्या, कारखाना बंद पडला. आणि गावात कुणी गेलं की तिला बोलावणं यायचं. मयताच्या उशाशी बसून गायचं काम तिच्या आईचं होतं, आईच्या मागे ते तिच्याकडे आलं.

ही गाणी कुठं लिहिलेली नसतात. ज्याचं मरण त्याचं गाणं, तिथल्या तिथं जुळवायचं. पण त्यात एक गोष्ट ठरलेली असते: मेलेल्याला वाट सांगायची. तो नवखा असतो ना त्या वाटेवर.

फाटा येईल रे पुढं, डावीकडं वळू नको,
नाक्यावरचा पुसेल नाव, खोटं काही बोलू नको.

आणि दर कडव्याच्या शेवटी त्याला नावानं हाक मारायची. ऐकतोस का, अमक्या रे. हाक मारल्याशिवाय कडवं बंद होत नाही.

म्हणून वाहतुकीच्या नियमांचं जाड पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा रोदिका घाबरली, पण दुसऱ्या पानावर थबकली. फाटे, नाके, वळणं, कुणाला आधी जाऊ द्यायचं, कुठं थांबायचं. हे सगळं तर तिला गाता येत होतं. ती शेंगा सोलताना, धुणं वाळत घालताना नियम म्हणू लागली, आणि नियम असे पाठ झाले की आपेत्रेई सरांनी वीस वर्षांत असं डोकं पाहिलं नव्हतं. हे ते तिच्या तोंडावर म्हणालेही. कडव्याच्या शेवटी नावाची जागा यायची, तिथं ती नुसती गुणगुणायची. नियमांना कुणाचं नाव कशाला?

साडेचार तास वाट, चाक आता शिणलं रे,
पाऊण तास टेक पाठ, ऊन माथी आलं रे,
ऐकतोस का, हूं हूं रे.

एका शनिवारी सरांनी तिला चालकशाळेच्या ट्रकवर बसवलं. जुन्या साखर कारखान्याच्या मोकळ्या आवारात. तीन पायऱ्या चढून ती वर बसली आणि तिला भिंतीपलीकडचं दिसलं: बाजार, चर्चच्या छपराचा पत्रा, तिच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याची पहिली टेकडी. तिनं दोन फेऱ्या मारल्या. उतरल्यावर ती हसत होती, आणि दिवसभर भांडी घासतानाही अधूनमधून हसत राहिली.

पण रोदिकानं ट्रक चालवावा म्हणून तिला कुणी या वर्गात घातलंच नव्हतं.

तिचा नवरा नेकुलाई बावीस वर्षं ट्रकवर होता. ट्रकमध्ये एक यंत्र असतं. चालकानं आपलं कार्ड त्यात सरकवायचं, मग कधी चालवलं, किती वेळ थांबलं, सगळं त्यावर उमटतं. दिवसाचे तास भरले की कार्ड म्हणतं, बस. मालक म्हणतो, चल. मग यंत्रात दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड सरकवायचं. यंत्राला वाटतं पहिला झोपला, दुसरा बसला. पहिलाच असतो. नेकुलाई आजवर मेहुण्याचं कार्ड वापरायचा. मेहुणा इंग्लंडला गेला आणि कार्ड घेऊन गेला.

“घरातलंच एखादं कार्ड असू दे,” मालक म्हणाला होता. “बायको काय करते तुझी?”

त्या भागात अशा दोघीतिघी होत्या. कागदावर त्या जर्मनीपर्यंत ट्रक नेत, आणि प्रत्यक्षात कोंबड्यांना दाणे टाकत.

तीन आठवड्यांनी नेकुलाई घरी आला तेव्हा रोदिकानं बोर्शचं आंबट सार आणि मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा केली होती. तिनं दोऱ्यानं मामालिगेचे तुकडे कापले. तो जेवायला बसला. चेहऱ्याला राखेचा रंग होता.

“झाला का अभ्यास? की अजून पहिलंच पान?”

“सगळं झालं. विचार.”

“मी काय विचारू? मी परीक्षा दिली तेव्हा एवढं पुस्तक नव्हतं.”

“मग मी विचारते. दिवसाला किती तास चालवायचं?”

“जितका रस्ता असेल तितके.”

“नऊ, कुलाई. आठवड्यातून दोनदा दहा. मग अकरा तास झोप.”

तो हसला. “अकरा तास! अगं, अकरा तास तर आपल्या गावचा पाद्रीसुद्धा झोपत नाही. हे लिहिणारे खुर्चीत बसून लिहितात, त्यांची खुर्ची कुठं जाऊन आदळत नाही.”

“तेच म्हणते. तुझी आदळेल.”

“बावीस वर्षांत आदळली?”

तिनं त्याला आणखी बोर्श वाढला. मग म्हणाली, “मी खरंच चालवलं तर? दोघं मिळून. तू झोपलास की मी, मी झोपले की तू. पुस्तकात आहे तसं, एका गाडीवर दोन चालक.”

“तू?” त्याला इतकं हसू आलं की ठसका लागला. “आणि माझ्या म्हातारीला कोण बघणार? गाय कोण पिळणार, मालक? बये, तू परीक्षा पास हो, कार्ड आण, माझ्या हातात दे. बाकी काही करायचं नाही. सोपं काम दिलंय तुला.”

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, तर त्याचा चमचा ताटलीच्या वर अर्ध्यावर थांबला होता. डोळे उघडे होते. ती म्हणाली, “कुलाई.” तो हलला नाही. चमच्यातला बोर्श टेबलावर सांडला, आणि त्यानं डावा हात झटकन वळवला, स्टिअरिंग फिरवावं तसा. मग तो जागा झाला.

“काय म्हणत होतीस?”

“काही नाही. जेव.”

त्या दिवसापासून विश्रांतीच्या तासांची कडवी म्हणताना तिचा आवाज जड व्हायचा. एरवीची कडवी हलकी होती, दिव्यांची, टायरांची, ओझ्याची. ही तशी राहिली नाहीत.

परीक्षेच्या आदल्या सकाळी ती अंगणात राजम्याच्या शेंगा सोलत होती. नेकुलाई आत झोपला होता, परवा त्याला मिलानला निघायचं होतं. ती उजळणी करत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न अडखळता.

नऊ तासांच्या पल्याड पाऊल रे टाकू नको,
अकरा तास नीज घे, दचकून जागू नको,
ऐकतोस का, कुलाई रे.

नाव आपोआप आलं. जागा रिकामी होती, जिभेनं भरली.

तिच्या हातातली शेंग खाली पडली. आई सांगायची, या चालीत जित्याचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर वाट त्याला ओळखू लागते. तिनं झटकन गळ्यापाशी पोलकं ओढून आपल्या उरावर तीनदा थुंकलं, थू थू थू. मग उठून खिडकीशी गेली. तो पालथा झोपला होता. पाठ वरखाली होते आहे ना, ते ती पाहत राहिली. खूप वेळ पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी नेकुलाईनं तिला जुन्या दाचिया गाडीतून जिल्ह्याच्या गावी, बोतोशानीला नेलं. “मी बाहेर थांबतो,” तो म्हणाला. “घाबरू नको. आणि गाऊ नको, हाकलतील.”

आत रांगेनं संगणक होते. प्रश्न सव्वीस, वेळ अर्धा तास. बावीस बरोबर आले की पास. पाच चुकले की पडदा तिथंच बंद. कोपऱ्यात हिरवा आकडा बरोबरचा, लाल आकडा चुकीचा.

पहिला प्रश्न तिला इतका सोपा वाटला की तिनं तो तीनदा वाचला. मग हात धावू लागला. पाच. नऊ. चौदा. लाल आकडा शून्यावरच होता. शेजारचा पोरगा घाम पुसत होता. आठवीत गणिताच्या बाईंनी पाठीवर हात ठेवला होता, त्यानंतर आजवर रोदिकाला कुठं पहिलं येता आलं नव्हतं. सतरा. वीस. एकवीस.

बाविसावा प्रश्न आला.

चालवताना चालकास झोप येऊ लागल्यास त्याने काय करावे?

अ, खिडकी उघडून पुढे जावे. ब, सुरक्षित जागी थांबून विश्रांती घ्यावी. क, वेग वाढवून लवकर पोहोचावे.

तिनं बोट ब वर नेलं आणि तिथंच धरलं. एवढं एक बोट खाली आलं की झालं. शाळेच्या ट्रकच्या त्या तीन पायऱ्या. भिंतीपलीकडचा रस्ता. आपेत्रेई सर सगळ्या वर्गाला सांगतील, बघा, बाईंनी एकही चुकवला नाही. मग पुढची परीक्षा, मग कार्ड, तिचं नाव, तिचा फोटो. ते कपाटात राहील, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण ती स्वतःला ओळखत होती. नेकुलाई मागेल. तिसऱ्यांदा मागेल तेव्हा आवाज चढलेला असेल, चौथ्यांदा मागेल तेव्हा थकलेला असेल, आणि थकलेल्या आवाजाला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. घरात आलेली वस्तू घराचीच होते.

तिनं अ दाबलं. तो जे करायचा ते.

लाल आकडा एक झाला. तेविसाव्याला तिनं प्रश्न वाचला, उत्तर मनात म्हटलं आणि दुसरं बटण दाबलं. चोविसाव्याला तसंच. पंचविसाव्यालाही. सव्विसाव्यानंतर पडदा लाल झाला.

टेबलाशी बसलेल्या पोलीस अधिकारी बाईंनी कागद छापून घेतला आणि चष्मा वर केला. “एकवीस ओळीनं बरोबर. मग पाच ओळीनं चूक? काय झालं हो, बाई? बरं वाटत नाही का?”

“बरं आहे.”

“एक उत्तर दिलं असतंत तर पास झाल्या असतात.”

“हो,” रोदिका म्हणाली. “एकच.”

“पुन्हा तारीख घ्या. पुढच्या महिन्यात जागा आहे.”

“नको.” तिनं कागदाची घडी केली आणि बाईंचे आभार मानले.

नेकुलाई गाडीला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं.

“गेली ना परीक्षा! तरी मी म्हणत होतो. तीन महिने गातेय, गातेय, गाय आटायची वेळ आली. डोक्यात शेवटी शेंगाच!” त्यानं हात पुढे केला. “बघू तरी, किती दिवे लावले.”

तिनं कागद दिला. तो वाचू लागला. बिया फोडणं थांबलं. त्यानं कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. बोटानं रकान्यातून खाली आला, एकविसापर्यंत, तिथून पुढे एकेक.

“तुला येत होतं,” तो म्हणाला.

“येत होतं.”

“सगळं?”

“सगळं.”

“मालक मला ठेवणार नाही, रोदिका. कळतं का तुला? उद्याच्या फेरीला तो दुसरा माणूस बघेल.”

“बघू दे.”

“बघू दे म्हणे! खाणार काय?”

“शेंगा,” ती म्हणाली. “माझ्या डोक्यात आहेत त्या.”

तिला वाटलं तो आता ओरडेल. तो ओरडला नाही. गाडीत जाऊन बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, किल्ली फिरवली नाही. ती शेजारी बसली. समोरून शिकाऊ गाड्या जात होत्या, छपरावर पाटी लावून, बिचकत, थांबत. तो त्यांच्याकडे बघत होता, पण त्याला त्या दिसत होत्या की नाही कोण जाणे.

“परवा हंगेरीत,” तो म्हणाला, “मला एक पूल आठवत नाही. मोठा पूल आहे, एक किलोमीटरभर. मी त्याच्या पलीकडे होतो, आणि अलीकडून कसा आलो ते माहीत नाही.”



त्यानं दार उघडलं, उतरला, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आला. “सरक,” तो म्हणाला. “आज माझ्यानं होणार नाही.”

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तो गाडीत असताना तिनं कधी चालवली नव्हती. आरसा तिनं आपल्या उंचीला लावला, सीट पुढे घेतली, पट्टा बांधला, त्याचाही बांधला. गाव संपायच्या आत त्याचं डोकं काचेला टेकलं होतं.

रस्ता अक्रोडाच्या झाडांमधून जात होता. ती पन्नासच्या वर गेली नाही. मागून हॉर्न वाजवत गाड्या पुढे गेल्या, त्यांना तिनं जाऊ दिलं. खड्डा दिसला की आधीच वेग कमी करायची, दूध घेऊन चालावं तशी. एकदा त्याचा डावा हात मांडीवर हलला, थोडासा वळला आणि स्थिर झाला.

टेकडी उतरल्यावर त्यांचं घर आलं, निळं फाटक, फाटकाशी सासूबाई डोळ्यांवर हात धरून उभ्या. म्हातारीनं काय झालं म्हणून हात वर केला. रोदिकानं शेजारी झोपलेल्या नेकुलाईकडे बोट दाखवलं आणि गाडी न थांबवता, त्याच चालीत, फाटकापुढून नेली. पुढे डांबर संपेपर्यंत अजून सात किलोमीटर होते.