डाव्या खांद्यावरची बंदूक

गेल्या साली हरभऱ्यात रानडुकरं घुसली तेव्हा वसरामनं बाराबोरची बंदूक रोखली ती डुकरावर, अन् छर्रे गेले दोन हात डावीकडं, हाकारा घालणाऱ्या सुदामच्या गुडघ्यात. सुदाम म्हणजे सख्खा थोरला भाऊ. गुडघ्याची वाटी फुटली ती फुटलीच. त्याच्या आदल्याच महिन्यात दोघा भावांची बांधावरून हाणामारी झालेली. मग काय विचारता! अख्खा तांडा म्हणू लागला, वश्यानं डाव साधला. ठाण्यात सुदामनं अपघात म्हणून लिहून दिलं खरं, पण त्या दिवसापासून तो भावाशी एक शब्द बोलला नाही.

वसरामला अन्न गोड लागेना. बंदूक आठ महिने ठाण्यात पडून होती, त्याचं त्याला काही नव्हतं. दादानं एकदा तोंडानं म्हणावं, तू मुद्दाम मारलं नाहीस, एवढंच त्याला पाहिजे होतं.

बंदूक सोडवायला हिंगोलीला गेला तेव्हा चहाच्या टपरीवर शिवशंकर नावाचा एक म्हातारा फौजी भेटला. त्यानं वसरामला दोन्ही पंजे जोडून मधी भोक करायला लावलं अन् त्यातून दूरचा विजेचा खांब बघायला सांगितला.

"आता उजवा डोळा मीट."

खांब जागच्या जागी.

"आता डावा मीट."

खांब गायब!

"तुझा मालक डोळा, म्हंजी नेम धरणारा, डावा हाय, गड्या," फौजी म्हणाला. "अन् बंदूक लावतो उजव्या खांद्याला. नळी तिरपी व्हते. तू जलमभर डावीकडंच मारशील."

वसरामला सगळं आठवलं. पोरवयात बंदूक आपसूक त्याच्या डाव्या खांद्याला जायची. पण दसऱ्याला देवीपुढं पुजलेली चीज डाव्या अंगाला लावायची नाही, अशी त्यांच्या घरातली रीत. बापानं हात सुजेस्तोवर झोडपून त्याला उजवा केला होता. वा रे बाप अन् वा रे रीत! देवीनं कधी सांगितलं होतं का असं?

तांड्यावर त्यानं हे सांगितलं तर लोक पोट धरून हसले. सुदामनं तर तोंडच फिरवलं. मग वसराम एकटाच माळावर जाऊन रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावू लागला. महिनाभर लावली.

पौषात सुदामचा ऊस तोडायला लागले. चारी बाजूंनी तोडत आलं की आतली जनावरं सरकत सरकत शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात. या वर्षी तिथं रानडुकरांचा कळपच होता.

"बंदुकीबिगर आमी आत जात न्हाई," तोडणाऱ्यांनी कोयते खाली ठेवले.

डुकरं मारायचा वनखात्याचा कागद होता, पण तांड्यात बंदूक एकच. सुदामनं दात-ओठ खात बायकोला पाठवलं. "भाऊजी, चला," शीला म्हणाली. "ह्यायनी बोलावलं."

भर दुपारी डबे बडवायला सुरुवात झाली. आधी पिल्लं पळाली, मग माद्या. वसरामनं त्यांना जाऊ दिलं. शेवटी नर आला. हे एवढं धूड! सरळ बांधाकडं सुटलं, अन् बांधावर मोळी बांधत होती शीला.

तिला उठायलाही सवड मिळाली नाही. डुकरानं सुळा मांडीत घातला अन् मुंडकं वर झटकलं. मांडी गुडघ्यापासून वर उसवली. ती पालथी पडली तसं ते पाठीवर चढलं, थुंकी अन् रक्त उडवत तिला घुसळू लागलं. तिच्या किंकाळीनं तोडणारे दहा दिशांना पांगले. एकटा सुदाम कोयता उगारून लंगडत धावत होता, अन् त्याला ती पंचवीस पावलं संपता संपेनात.

वसरामनं बंदूक उचलली. मेली सवय, दस्ता गेला उजव्याच खांद्याला. नळीच्या टोकाला डुक्कर दिसत होतं, पण आता त्याला पक्कं ठाऊक होतं की हा बार डुकराच्या डावीकडं शीलाच्या डोक्यात बसणार. त्यानं दस्ता काढला अन् डाव्या खांद्याला लावला.

"वश्या, मारू नको!" सुदाम ओरडला. वर्षभरातले हे त्याचे पहिले शब्द. "पाया पडतो, मारू नको रं!"

वसरामनं घोडा ओढला.

डुक्कर जागच्या जागी कोसळलं. सुदामनं ते ढकलून बायकोला ओढून काढलं, डोक्याचा रुमाल फाडून मांडी करकचून बांधली. शीला कण्हत होती, पण जित्ती होती. कुणीतरी जीप आणायला पळालं.

वसराम जवळ गेला. आता दादा बोलेल, असं त्याला वाटलं.

सुदाम डुकराकडं बघत होता. कानाखाली भगदाड पडलं होतं, अन् शीलाच्या मानेला एक छर्रासुद्धा शिवला नव्हता. त्यानं त्या भगदाडात बोट घालून बघितलं.

"येवढा बराबर नेम हाय तुझा?"

"दादा, डाव्या खांद्यानं..."

पुढचं तोंडातच राहिलं. सुदामनं कोयत्याची पाठ दोन्ही हातांनी त्याच्या गुडघ्यावर घातली. कडकन आवाज झाला अन् वसराम डुकराशेजारी आडवा झाला.

"अवं, काहून मारता?" शीला किंचाळली. "भाऊजीनं वाचवलं मला!"

"व्हय, वाचवलं," सुदामला धाप लागली होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "तुला चिकटलेलं डुक्कर तुला सोडून मारलं त्यानं. मी साल झालं सोताला समजावून राहिलो, की माज्या गुडघ्यात चुकून लागली असंल म्हणून."