गच्चीवरचा राब

महादूबाबांचं शेत खर्डीजवळ होतं. रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं, आणि त्यांच्या मुलानं, अनंतानं, शहापुरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. शेत ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी बाबांनी टेम्पो बोलावला आणि वरची काळी माती चौदा गोणी भरून आणली. ती कुठं ठेवणार, असं अनंतानं विचारलं. गच्चीवर, असं बाबा म्हणाले आणि स्वतःच एकेक गोण खांद्यावरून वर चढवू लागले.

रंगाच्या रिकाम्या बादल्या, कान तुटलेले टब, मधोमध कापलेलं निळं पिंप, असं सगळं त्यांनी भरलं. पहिली दोन वर्षं वांगी, मिरच्या अशा आल्या की खालच्या मजल्यांवरही गेल्या. सोसायटीचा अध्यक्ष भगीरथ तर स्वतः पिशवी घेऊन यायचा. तो मूळचा मुरबाडकडचा, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातला. वांगी निवडता निवडता बाबांशी गावचं बोलायचा.

तिसऱ्या वर्षी माती थकली. पाणी घातलं की वर साचून राहायचं, मग कडेनं एकदम खाली निघून जायचं. मिरचीची पानं आकसली, वांगी सुपारीएवढीच राहिली. सुनेनं, हर्षालीनं, मोबाइलवर बघून गांडूळखत आणि नारळाचा भुसा मागवला. बाबांनी भुसा चिमटीत घेऊन पाहिला आणि परत पिशवीत टाकला.

"हिला नुसतं खाया घालून नाय चालायचं गो," ते म्हणाले. "हिला भाजाय पायजे."

चैत्र संपत आला होता. बाबांनी सगळे टब ताडपत्रीवर उपडे केले. ढेकळं हातानं फोडली, जुनी मुळं ओढून काढली, हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेचल्या आणि आठ दिवस माती उन्हात पसरून ठेवली. मग तबेल्यातून शेण्या आणल्या, आटगावच्या रस्त्याला जाऊन दोन गोणी पालापाचोळा आणला. एका सकाळी अनंता कामाला गेल्यावर त्यांनी गच्चीवर विटा मांडून त्यावर पत्रा टाकला. त्यावर शेण्या, शेण्यांवर पाला, वर बारीक मातीचा थर. गावी भाताच्या रोपासाठी राब भाजायचे, अगदी तसाच. वाऱ्याच्या उलट बाजूनं त्यांनी काडी लावली.

जाळ झाला नाही, नुसतं धुमसत राहिलं. हर्षाली पाण्याची बादली घेऊन शेजारी बसली होती. लग्न होऊन आल्यापासून बाबांना इतकं बोलताना तिनं पाहिलं नव्हतं. सासू डोंगरावरून पाल्याचा भारा कसा आणायची, राखेत पाय भाजले तरी कशी हसायची, हे तिला त्या सकाळी कळलं. पहिला राब उतरला तेव्हा माती हातात रव्यासारखी मोकळी आली.

दुसऱ्या राबाच्या वेळी वारा फिरला. धूर जिन्यातून घराघरांत शिरला, वाळत घातलेल्या कुरडयांवर राख बसली. आणि पत्र्याच्या धगीनं टाकीचा प्लॅस्टिकचा पाइप वितळून फुटला. हर्षालीनं बादली ओतून आग विझवली, पण तोवर टाकी रिकामी होत आली होती.

संध्याकाळी अनंता घरी आला तेव्हा सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली होती. दिवसभर कोणाच्या नळाला पाणी नव्हतं. भगीरथ राखेकडं बोट दाखवून बोलत होता. गच्ची म्हणजे शेत नाही, इथं लेकरं राहतात, हे काय खूळ आहे, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

बाबांनी पाइपाबद्दल चूक कबूल केली. मग त्याच्याकडं बघून शांतपणे विचारलं, "खूळ काय रे? तुझ्या बापानं राब भाजला नाय काय कधी?"

भगीरथाचा चेहरा उतरला. चार लोक त्याच्याकडं बघत होते.

"भाजला ना," तो म्हणाला. "मी पाला वाहिलाय. म्हणून तर तिथून निघालो."

अनंतानं सगळ्यांची माफी मागितली. रविवारपर्यंत गच्ची रिकामी करून देतो, असं त्यानं लिहून दिलं. बाबांना त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. रविवारी त्यानंच गोणी भरल्या, खाली उतरवल्या आणि नव्या बिल्डिंगचा राडारोडा नेणाऱ्या डंपरमध्ये टाकल्या. बाबा कठड्याशी उभे होते. डंपर वळेपर्यंत उभे राहिले, मग खाली येऊन भिंतीकडं तोंड करून निजले. तेव्हापासून ते गच्चीवर गेले नाहीत.

पहिल्या राबाची एक बादलीभर माती हर्षालीनं आधीच घरात आणून गॅलरीत ठेवली होती. तिच्यात तिनं मिरची लावली. श्रावणात झाड मिरच्यांनी वाकलं. एक दिवस जेवताना अनंता म्हणाला, की मोबाइलवरून मागवलेलं खत भारी निघालं.

"खत नाही ते," हर्षाली म्हणाली. "बाबांनी भाजलेली माती आहे."

अनंतानं हातातला घास परत ताटात ठेवला. वडलांकडं न बघता तो म्हणाला, "मग गॅलरीत अजून दोन-तीन टब भरू ना, बाबा. तेवढ्याला कोण काय बोलणार नाही."

"कशानं भरतोस?" बाबांनी विचारलं.

त्यांनी ताटातली मिरची उचलून कडेला ठेवली आणि भात कालवायला घेतला. हर्षालीनं आमटी वाढली. अनंता अर्ध्या जेवणावरून उठला आणि बेसिनपाशी बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.