आरसा वर जायचा तेव्हा

मी एक जुनी लेन्स आहे. मित्रांनो, माझ्या काचेत बारीक पांढरं जाळं दिसतंय ना, ती बुरशी आहे. पुसायला जाऊ नका, ती आत आहे. आधी माझी गोष्ट ऐका.

दूर देशीच्या एका कारखान्यात मी घडले. धातूच्या नळीत काचा बसवल्या, बाहेरून फिरणारं कडं दिलं. ते कडं फिरवलं की समोरचं स्पष्ट होतं. मला आपणहून काही करता येत नाही. माणसाचा हात लागतो.

पाचोड गावात राजकुमार फोटोवाल्यांचा हात मला लाभला. त्यांची एक लकब होती. कडं हवं त्याहून थोडं पुढं न्यायचं, थांबायचं आणि मग केसभर मागं आणायचं. बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानात गर्दी व्हायची. लग्नाचे फोटो निघत, लेकरांचे निघत. पण माझं खरं काम म्हणजे फ्रेमचा फोटो. म्हातारी माणसं धुतलेले कपडे घालून येत आणि म्हणत, "राजकुमार, चांगला काढ बाबा. मागं हार घालायला लागंल." तो फोटो एकट्याचाच असे.

त्यातली बरीच माणसं लवकरच जात. वयच तसं होतं. पण गावात बोलणं सुरू झालं, की या काचेत पाहिलं की माणूस राहत नाही. मग आया आपली लेकरं माझ्यासमोर उभी करीनात.

मी कोणाला नेलं नाही, मित्रांनो. पण मी पाहिलं. त्या कॅमेऱ्यात माझ्यामागे एक आरसा होता. बटण दाबलं की आरसा वर जायचा आणि फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यापुढे अंधार व्हायचा. पापणी लवावी एवढाच वेळ. तेवढ्यात समोर काय आहे ते फक्त मला दिसे. फ्रेमच्या फोटोला बसलेल्या माणसाशेजारी तेव्हा आणखी कोणीतरी असे. कधी उभं, कधी टेकून बसलेलं. कसलीच घाई नसलेलं. आरसा खाली आला की जागा रिकामी. कागदावर ते कधी उतरलं नाही.

राजकुमारांना काही जाणवलं असावं. बायकोचा, द्वारकाबाईंचा फोटो त्यांनी माझ्यातून कधीच काढला नाही. शेजारणी टोमणे मारत, "फोटोवाल्याची बायको, आन् हिचाच फोटो नाय!" ते हसून म्हणत, "काढीन की. घाई काय हाय?"

मग एक दिवस तेच गेले. मला ओलसर फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलं गेलं. तिथं हवा नव्हती, उजेड नव्हता. बुरशी मला तिथंच लागली.

त्यांची नात निशा वाळूजच्या कंपनीत कामाला लागली. बजाजनगरात खोली घेऊन ती आजीला घेऊन आली. तिनं नव्या तऱ्हेचा कॅमेरा घेतला. त्याच्यात आरसाच नसतो. मग तिला डब्यातली मी आठवले. शहरात गुलमंडीजवळच्या कॅमेरा दुरुस्तीवाल्या चाचांनी मला उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "कांच अच्छा है बेटा. हवा नई मिली उसकू."

मधे एक जोडकडं लावून निशानं मला कॅमेऱ्यावर चढवलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'लेन्स नाही'. मी तिथंच होते, पण कॅमेऱ्याच्या लेखी नव्हते. निशानं त्याला लेन्सशिवाय फोटो काढायची परवानगी दिली, तेव्हा कुठं तो माझ्यातून फोटो काढायला तयार झाला.

सुटीच्या दिवशी दुपारी द्वारकाबाई पांढरं लुगडं नेसून पलंगावर येऊन बसल्या. "माझा फ्रेमचा फोटो काढ."

निशाचा चेहरा उतरला. "आजी, मोबाइलवर काढते ना."

"मोबाइलवर तर रोजच काढतीस. मला त्यांच्या काचंतला पाहिजे."

"या काचेला गावात काय म्हणतात, ठाऊक आहे ना?"

"हाय की! मग काय जलमभर इथंच बसू?"

निशानं कॅमेऱ्याला डोळा लावून कडं फिरवलं. या कॅमेऱ्यात पाहताना जे स्पष्ट झालं त्याच्या कडेनं लाल रेघ दिसते. चष्म्याभोवती रेघ उमटली. लुगड्याच्या काठावर उमटली. मग आजीच्या शेजारी, जिथं नुसती भिंत होती, तिथंही उमटली. आधी एक खांदा, मग मान, मग वाकलेलं डोकं. निशानं डोळा काढून पाहिलं. कोणी नव्हतं. पुन्हा डोळा लावला. रेघ तिथंच होती.

आता आरसा नव्हता. मी एकटीनं जे पाहत आले, ते आज माणसाला दिसत होतं.

"काय गं, थिजलीस का?"

"तुझ्याशेजारी कोणीतरी... एक खांदा उतरलेला आहे."

"डावा?"

निशानं मान हलवली.

"कॅमेऱ्याच्या बॅगंनं उतरला व्हता त्यांचा," द्वारकाबाई लाजल्यासारखं हसल्या. "आले म्हणायचे. दाब बटण."

निशानं बटण दाबलं नाही. तिनं कॅमेरा स्टँडवर ठेवला, टायमर लावला, धावत गेली आणि नेमकी त्या रिकाम्या जागी आजीला बिलगून बसली.

"दोघींच्या फोटोला हार घालता येत नाही, आजी. कळलं का?"

"लबाड कुठली! सरक तिकडं." हसता हसता द्वारकाबाई मागं रेलल्या.

पण माझं कडं त्यांच्या आधीच्या जागेसाठी लावलेलं होतं. आता दोघी मला धूसर दिसत होत्या. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत होता आणि माझ्याजवळ कोणाचाच हात नव्हता.

तेव्हा माझ्या कड्याला गारवा लागला. कडं हललं. हवं त्याहून थोडं पुढं गेलं. थांबलं. मग केसभर मागं आलं.

फोटो निघाला.

निशानं तो पडद्यावर पाहिला. दोघींचा केस न् केस स्पष्ट होता. आजी मात्र माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या जराशा वर, कॅमेऱ्यामागे कोणी वाकून उभं असावं तिथं त्यांची नजर होती.

"मी कडं फिरवलंच नव्हतं," निशा पुटपुटली.

"नव्हतंच," द्वारकाबाई म्हणाल्या. "लई वाट पाहायला लावली त्यांनी."

तो फोटो आज त्यांच्या कपाटावर उभा आहे, बिनहाराचा. द्वारकाबाई रोज पदरानं त्याची काच पुसतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी लेन्स असेल, तर तिला ओल्या फडक्यात कोंडू नका. अधूनमधून उजेड दाखवा, कडं हलक्या हातानं फिरवा. आणि कधी ते तुमच्या बोटांखाली आपणहून फिरू लागलं, तर घाबरू नका. फक्त हात काढून घ्या.