सतरा नंबरची तोटी

मित्रांनो, मी एक जुनी ब्युरेट आहे. ब्युरेट म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडणारी, अंगावर आकडे कोरलेली काचेची लांब नळी. बेंगळुरूच्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षे काढली. आता फार थकले आहे, तेव्हा बोलण्यात पाल्हाळ झाले तर सांभाळून घ्या.

कारखान्यात माझी तोटी, म्हणजे खालची काचेची फिरती चावी, माझ्याच अंगावर घासून बसवली होती. ती दुसरीला नीट बसणार नाही आणि दुसरीची मला. चिकपेटच्या घाऊक दुकानातून मी कॉलेजात आले, तेव्हा माझा थेंबही हुकत नसे. माझ्यावर रंगाने सतरा आकडा काढला गेला. बी.एस्सी.च्या मुलांना सर सांगत, "सतरा नंबर डोळे झाकून घ्या." मला भारी ऐट वाटे.

मग १९९१ च्या उन्हाळी सुट्टीत काचसामानाची धुलाई निघाली. प्रयोगशाळेचे मदतनीस कल्लाप्पा निपाणीकडचे, मनाने निर्मळ, पण त्या दिवशी त्यांना गावची बस गाठायची होती. त्यांनी चाळीस ब्युरेटांच्या तोट्या काढून एकाच बादलीत टाकल्या आणि धुऊन झाल्यावर हाताला येईल ती तोटी समोर दिसेल त्या ब्युरेटला बसवली. माझ्या वाट्याला परकी तोटी आली. कितीही व्हॅसलीन चोपडले तरी मी कडेने झिरपतच राहिले.

गंमत अशी की कुणाचे काहीच अडले नाही. एक प्रयोग तीनदा करायचा आणि तिन्ही आकडे जुळायला हवेत, असा नियम. मुले पहिला आकडा पाहत आणि उरलेले दोन तसेच लिहून मोकळी होत. फरशीवरचे पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे थेंब फडक्याने पुसले की झाले. मी दिवसभर गळत असे आणि वह्यांमध्ये मात्र ठणठणीत असे. त्या खोट्या कौतुकाचा मला शीण येई.

अडले ते एकट्या नीरजाचे. तिचे वडील दामोदरपंत सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. १९९३ मध्ये बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत तिला मी मिळाले. तिने दिसले तेच आकडे लिहिले. ते जुळले नाहीत आणि ती प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली. तो दोष माझा होता, पण मला तोंड कुठे होते?

पुढच्या वर्षी वडील निवृत्त झाले. या खेपेला नापास झाली तर शिक्षण सोडून सगळ्यांबरोबर मूळ गावी साताऱ्याला जायचे, असे घरात ठरले. परीक्षेच्या दिवशी कोणती ब्युरेट मिळणार याची चिठ्ठी तिने उचलली. पुन्हा सतरा नंबर. तिचा चेहरा पाहून मला फुटून जावेसे वाटले.

"कल्लाप्पाअण्णा, ही गळतेय. दुसरी द्या ना."

"अक्का, जास्तीची एक बी न्हाई. स्वल्प सांभाळून घ्या की."

शेजारच्या टेबलावरून वीणा कुजबुजली, "अगं, तिन्हीकडे दहा पॉइंट चार लिहून टाक. सगळ्या तेच करतात. पुन्हा वर्ष घालवणार आहेस का?"

नीरजाने पेन उचलले. बराच वेळ ते कागदावर नुसतेच टेकून राहिले. मग तिने मला काठोकाठ भरले, तोटी बंद केली आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत दहा मिनिटे उभी राहिली. दहा मिनिटांत अर्धा मिलिलिटर गळले. तिने ते लिहिले. प्रत्येक प्रयोगाला किती मिनिटे लागली ते टिपले आणि तेवढी गळती वजा केली. तिन्ही आकडे जुळले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा पेपर दोनदा वाचला. माझ्या तोटीखाली गाळणकागद ठेवून ते स्वतः दहा मिनिटे थांबले. कागद जांभळा झाला. मग त्यांनी सकाळच्या तुकडीत सतरा नंबरची ब्युरेट ज्याला मिळाली होती, त्याचा पेपर काढला. तिथे तिन्ही आकडे तंतोतंत एक होते आणि गळतीचा उल्लेखच नव्हता. त्यांनी त्यावर लाल रेघ ओढली.

कल्लाप्पा पुढे आले आणि मान खाली घालून कन्नडमध्ये म्हणाले, "सर, तोट्या मी मिसळल्या. चूक माझी आहे."

नीरजा पास झाली. तेव्हापासून कल्लाप्पा धुण्याआधी प्रत्येक तोटी ज्या ब्युरेटवर आहे तिलाच दोऱ्याने बांधतात. मला मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवले. माझी खरी तोटी कुठल्या परक्या अंगावर गळत असेल कोण जाणे.

मित्रांनो, ज्याची वस्तू त्याला परत लावा आणि दिसले तेच लिहा. नीरजाच्या पेपरात पहिली ओळ होती, "ही ब्युरेट गळते." माझ्याविरुद्धची तक्रारच होती ती. पण त्या तीन वर्षांत माझ्याकडे नीट पाहून लिहिलेली तेवढी एकच ओळ, आणि इथल्या अंधारात मी ती पुन्हा पुन्हा आठवते.