मला मिळालेले चुलतभावाचे नाव

मी एक जुना समुद्री जिवाणू आहे. जुने आहे ते माझे कूळ. मी स्वतः तासाभरात एकाचे अनेक होतो, म्हणून माझे वय विचारू नका. मित्रांनो, समुद्रात माझे काम साधे होते. कोळंबीने टाकलेली कवचे कुरतडायची आणि पाण्यात मिसळून टाकायची. त्याचे कौतुक कुणी केले नाही, तक्रारही केली नाही.

एकदा कोळंबीबरोबर मीही जाळ्यात आलो. उन्हात वाळलो, मिठात तगलो आणि सुकटीच्या पोत्यातून गोंदिया जिल्ह्यात पोहोचलो. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे. सौंदडच्या आठवडी बाजारात समुद्राचा वास येई तो फक्त गीताबाईंच्या दुकानातून.

त्या पावसाळ्यात गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. आजाऱ्यांपैकी काहींनी सुकट खाल्ली होती. गावातली दुर्गेश्वरी गोंदियाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. तिने गीताबाईंकडून मूठभर सुकट नेली आणि मीठ घातलेल्या खाद्यावर मला वाढवले. काचेच्या बशीत माझे ठिपके उमटले तेव्हा ती हरखली. मला इतके निरखून आजवर कुणी पाहिले नव्हते.

तिने माझ्या डीएनएतला एकच जनुक वाचून घेतले. पोट बिघडवणाऱ्या माझ्या एका चुलतभावाच्या जनुकाशी ते जवळजवळ तंतोतंत जुळले. जेवताना ती आईला, जमुनाबाईंना, सहज म्हणाली, "सुकटीत आजाराचा जंतू दिसते."

दुसऱ्या दिवशी ते गावभर झाले होते.

"काऊन वं गीता, गाव मारून राहिली का?" पुढच्या बाजारात कुणीतरी टोमणा मारला. गिऱ्हाईक फिरकेना. गीताबाईंचे घर त्याच दुकानावर चालत होते. त्यांनी पोत्यांवर ताडपत्री ओढली.

दुर्गेश्वरी अस्वस्थ झाली. त्या एका जनुकात आमच्या कुळातले सगळेच जवळपास सारखे असतात, हे ती शिकली होती. आडनावावरून माणूस ओळखावा, तसे तिने मला ओळखले होते. मग तिने माझा संपूर्ण डीएनए वाचायला पाठवला. निकाल येईपर्यंत मी काचेच्या नळीत होतो आणि दुकान बंद.

माझा आणि चुलतभावाचा डीएनए शेजारी शेजारी ठेवल्यावर आम्ही एका जातीत बसेनाच. चुलतभावाची आजार करणारी जनुकेही माझ्यात नव्हती.

दुर्गेश्वरी धावत गीताबाईंकडे गेली. "मावशी, माझं चुकलं. तुमच्या सुकटीतला जंतू तो नाही."

"मंग लोकाइले ओकाऱ्या कायच्यानं झाल्या?"

"ते मले माहीत नाही, मावशी. मूठभर सुकटीत जो सापडला, त्याचंच सांगून राहिली."

"तुवं पयलं बोलनं एका रातीत गावभर गेलं. हे कोन नेईन?"

पुढच्या बाजारात दुकान उघडले. दुर्गेश्वरी दिवसभर तिथेच उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत राहिली. शेजारचे दुधराम थांबले. "जंतू तं हायच ना, पोरी?"

"हाय, काका. पण आजाराचा नाही."

"जंतू तो जंतूच," म्हणत ते पुढे गेले. उन्हे कलल्यावर जमुनाबाई आल्या, खाली मान घालून पावभर सुकट घेऊन गेल्या. बाकी पोते गीताबाईंनी तसेच बांधले.

मित्रांनो, कुणालाही नाव देण्याआधी त्याला पूर्ण वाचा. तोवर थोडे गप्प राहा. माझे नाव चुकले, त्याने माझे काहीच बिघडले नाही. मला नळीत मीठ मिळत होते. बिघडले ते गीताबाईंचे.