सात नंबरचा तुकडा

"मेणबाई, हा सात नंबर आडवा पडलाय."

डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढताच बोलले. दारात उभ्या असलेल्या मेणबाईंना लॅबमध्ये सगळे याच नावाने हाक मारत. तुकडे मेणात बसवायचं काम तिथे दुसरं कुणी करतही नव्हतं.

"आडवा?"

"चक्क झोपलाय. बाकीचे एकतीस कसे शिस्तीत उभे आहेत. बावीस वर्षांत तुमचा तुकडा आडवा बघितला नव्हता मी."

पेशंटच्या आतड्यातून काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो. वितळलेल्या मेणात तो कडेवर उभा करायचा, मेण गोठलं की त्याचे काप काढायचे. म्हणजे काचेवर वरचा थर वर आणि खालचा खाली दिसतो. तुकडा आडवा पडला, तर घराचा नकाशा मागावा आणि हातात छपराचा फोटो यावा, तशी डॉक्टरांची गत होते.

"मेण वितळवून परत उभा करा. काही शिल्लक असेल तर. मला या पेशंटची जरा शंका येतेय."

"कसली शंका?"

एवढ्या वर्षांत मेणबाईंनी हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं नाही. "आधी उभा तर करा," ते म्हणाले.

पेशंटचा कागद टेबलावर होता. बाई, वय एक्कावन्न. मोठ्या आतड्याला दाह आणि जखमा, आजार एकोणीस वर्षांचा. दुर्बिणीने तपासणी, बत्तीस तुकडे, बत्तीस बाटल्या. वर पूर्ण नाव. ते नाव मेणबाईंचं होतं. हॉस्पिटलमधून आल्यापासून हा कागद लॅबमध्ये तीन टेबलं फिरला होता, तिघांनी त्यावर सह्याही केल्या होत्या. कुणाला काही खटकलं नाही. मेणबाईंचं ते नाव हजेरीपटाखेरीज कुठेच नव्हतं, आणि हजेरीपटात जो तो आपलीच ओळ बघतो.

आजार सुरू झाला तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या आणि लग्नाचं कुठेतरी जुळत आलं होतं. लपवायचं नाही म्हणून त्यांनीच सगळं सांगून टाकलं. मुलाकडच्यांनी, पोट सोडून बाकी सगळं पसंत असल्याचं कळवलं. पुढची बरीच वर्षं हे शहर त्यांना रस्त्यांनी माहीत नव्हतं. कुठल्या दुकानाच्या मागे संडासाची सोय आहे, कुठल्या बँकेत दुसऱ्या मजल्यावर किल्ली मागावी लागते, कुठला चौकीदार तोंड वाकडं न करता आत सोडतो, असं ते पाठ झालं होतं. नाटक, लग्न, लांबचा प्रवास हे त्यांनी एकेक करून सोडलं. हळूहळू बोलावणारेही सुटले, त्यामुळे नाही म्हणायचे कष्ट वाचले.

मग औषधांनी पोट शांत झालं. इतकं शांत, की सहा वर्षं त्या दुर्बिणीच्या तपासणीकडे फिरकल्याच नाहीत.

"पोट शांत आहे तेव्हाच बघायचं असतं हो," गेल्या आठवड्यात दुर्बीणवाला डॉक्टर म्हणाला होता. "आतमध्ये आग चालू असली की धुरातलं काही दिसत नाही. हा आजार आठ-दहा वर्षांचा झाला की कॅन्सरचा धोका वाढतो. काही दुखत नसलं तरी एक-दोन वर्षांनी येऊन दाखवून जायचं, सांगितलं होतं ना? सहा वर्षं कुठे होतात?"

"कामात."

"कसलं काम करता?"

"मेणाचं."

त्याला मेणबत्त्या वाटल्या. मेणबाईंनी ते तसंच राहू दिलं.

भूल देणार म्हणून सोबत कुणीतरी हवं होतं. मेणबाईंनी घेऊन आलेल्या टॅक्सीवाल्यालाच विचारलं. त्याने टॅक्सी लावली, वर आला, फॉर्मवर 'नातं' या रकान्यात न अडखळता 'भाऊ' लिहून सही केली, आणि परत नेताना आरशात बघत म्हणाला, "ताई, कालपासून उपाशी असाल. घरी कोणी करून घालेल ना?"

"हो तर," मेणबाई म्हणाल्या. घरी जाऊन त्यांनी पावाचा तुकडा दुधात बुडवून खाल्ला.

तर हा सात नंबर. त्याच्या बाटलीवर दुर्बीणवाल्याने पेनने एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं होतं. काल तुकडे बसवताना मेणबाईंना ते दिसलं, चिमटा हलला आणि तुकडा कलंडला. थंड पट्टीवर मेण गोठायला दोनचार मिनिटं लागतात. तेवढ्यात तो उभा करता आला असता. मेणबाईंनी आठवी बाटली उघडली.

कापायच्या खोलीत रंगवाली होती. काचांवरच्या कापांना गुलाबी-जांभळा रंग चढवायचं काम तिचं. बोलणंही तिचंच.

"काय गं, परत आलं?"

"सात नंबर. उभा करायला सांगितलाय."

"बघू." तिने मेणाची वडी उजेडात धरली. "यात आहे काय उभं करायला? टाचणीच्या डोक्याएवढं उरलंय. सांग की संपलं म्हणून."

"संपलेलं नाहीये."

"कोण बघायला येतंय? 'तुकडा अपुरा' लिहितील आणि मोकळे होतील. त्या बाईला परत बोलावतील सहा महिन्यांनी."

"आणि नाही आली तर?"

"तर तिचं नशीब. तुझ्या कोण नात्यातली लागते?"

मेणबाईंनी वडी तिच्या हातातून घेतली. रंगवाली म्हणाली ते काही खोटं नव्हतं. तुकडे खरंच संपतात, डॉक्टर विश्वास ठेवतात. एका शब्दाचं काम होतं. मग पुन्हा सहा महिने, कदाचित सहा वर्षं, सकाळची सातची बस, डबा, मेण, आणि पोट शांत. ज्याचं नाव कुणी घेतलं नाही, ते नसतंच, असं मानून माणसं व्यवस्थित जगतात. त्यांनी स्वतः तसं जगून बघितलं होतं.

त्या स्टुलावर बसल्या, चष्मा काढला आणि नीट पुसला.

मग त्यांनी वडी तापलेल्या खाचेत ठेवली. मेण पाण्यासारखं पातळ झालं, तळाशी करडा कण दिसला. चिमट्याच्या टोकाने त्यांनी तो उचलला, कडेवर उभा केला, आणि मेण गोठेपर्यंत तसाच धरून ठेवला. या वेळी हात हलला नाही. काप काढायच्या यंत्राचं चाक फिरवताना त्यांनी श्वास रोखला, कारण केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा काप श्वासानेही उडतो. पहिला काप फाटला. दुसरा आला. त्यांनी तो कोमट पाण्यावर सोडला, काचेवर अलगद घेतला आणि रंगवालीकडे दिला.

"कमाल आहे तुझी. कोणासाठी एवढा जीव काढतेस?"

"रंग नीट चढव," मेणबाई म्हणाल्या.

तीन वाजता त्या काच घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. काच ठेवून परत यायची रीत. त्या उभ्या राहिल्या.

डॉक्टर बराच वेळ बघत होते. "आहे," ते शेवटी म्हणाले.

"काय आहे?"

"पेशी बिघडायला लागल्यात. आणि बऱ्यापैकी बिघडल्यात. पण अजून वरच्या थरातच आहेत, खाली उतरलेल्या नाहीत. कॅन्सर म्हणता येणार नाही. व्हायच्या आधीचं आहे. दुसऱ्या एका डॉक्टरांना काच दाखवून खात्री करून घेईन, पण माझ्या मते आतडं काढावं लागेल. बाई वेळेवर आली म्हणायची."

"वेळेवर नाही आली. सहा वर्षांनी आली."

डॉक्टरांनी कागद उलटसुलट केला. "हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. ती मीच आहे, सर."

डॉक्टरांनी कागदावरचं नाव वाचलं. मग मेणबाईंकडे बघितलं. मग परत नाव वाचलं.

"चांगलं नाव आहे," ते म्हणाले. आणखी काहीतरी बोलायला हवं हे त्यांनाही कळत होतं. "आणि आडवा पडला होता तो..."

"मीच तसा राहू दिला."

डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाला समोरून बघायला आणखी एक जोडी भिंगं होती, शिकायला येणाऱ्या डॉक्टरांसाठी. त्यांनी पायाने समोरचं स्टूल पुढे ढकललं. मेणबाई बसल्या. हजारो तुकडे या खोलीत आणून दिले होते त्यांनी, पण 'बसा' म्हणायची कुणाला गरज पडली नव्हती.

"डावीकडे बघा. नळ्या एका रांगेत उभ्या आहेत. त्या चांगल्या. आता उजवीकडे."

"गर्दी आहे. जांभळं जास्त आहे."

"तेच ते."

"एवढंसंच?"

"एवढंसं आहे म्हणून तर बरं आहे. तुम्ही बघा. मी सर्जनला फोन करून येतो, लवकरची तारीख मागतो."

ते बाहेर गेले. बोळातून त्यांचा आवाज ऐकू येत होता, नेहमीपेक्षा हळू. मेणबाईंनी काच बोटाने जराशी सरकवली. रांग गेली, गर्दी गेली. तुकड्याची कड आली, तीही गेली. पुढे नुसता पांढरा उजेड होता, त्यात काहीच नव्हतं. त्या तिथेच बघत राहिल्या.